आठवतंय तोवर

ओतारी मास्तरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘स्मरणचित्र’ असं लिहिलं आणि हाताला लागलेला खडू झटकला.

“आज समोर काही ठेवणार नाही मी. तांब्या नाही, खुरपं नाही, कुणाची चप्पल नाही. जे समोर नाही ते आठवायचं आणि काढायचं. घ्या कागद.”

पोरं खूश झाली. “मास्तर, म्हस काढू?” गुलाबनं विचारलं.

“काढ की. पण बघणाऱ्याला कळलं पाहिजे, ही तुझीच म्हैस आहे, पाटलांची नव्हे.”

“आमचीचं एक शिंग मोडलंय, मास्तर.”

“मग शिंगापासनंच सुरू कर.”

सगळा वर्ग हसला. मी हातातला कोळसा कागदाच्या कडेला ठेवला आणि हाताची घडी घालून बसले. शाळा सुटेपर्यंत माझा कागद कोराच राहिला.

सातारा जिल्ह्यातलं आमचं हिवरवाडी गाव. शाळा दोन खोल्यांची. ओतारी मास्तर कोल्हापूरकडून बदलून आले त्याआधी चित्र म्हणजे आम्हाला एवढंच ठाऊक होतं की दोनाच्या आकड्याला चोच लावली की बदक होतं. पाटीवर काढायचं, थुंकी लावून पुसायचं, पुन्हा काढायचं. माझं बदक कधी बदकासारखं झालं नाही, त्यामुळे माझी पाटी कायम ओली असायची.

मास्तरांनी पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा आणला, चुलीतले कोळसे आणायला सांगितले आणि पहिल्याच दिवशी बजावलं, “इथं पुसायचं नाही. रेघ चुकली तर शेजारी दुसरी काढा. पहिली तिथंच राहू दे. तिच्याकडे बघून दुसरी शहाणी होते.”

मी तांब्या काढला. त्यांनी तो निरखून बघितला.

“हा तांब्या तू बघून काढलास, की तांब्या कसा असतो ते माहीत आहे म्हणून काढलास?”

मग त्यांनी तोच तांब्या जमिनीवर ठेवला आणि मला बाकावर उभं केलं. वरून त्याचं तोंड गोल दिसलं. मग मला जमिनीवर पालथं झोपायला लावलं. तोंड नाहीसं झालं, नुसती आडवी रेघ राहिली.

“तांब्या तोच. तू हललीस. चित्रात वस्तू असते तसा बघणाराही असतो, अनसूया. तो कुठं उभा आहे ते चित्र सांगतं.”

हे मला इतकं पटलं की मी दिसेल ते काढत सुटले. रांजणाच्या तळाशी बसून रांजण, गोठ्याच्या माळ्यावरून बैलांच्या पाठी. रेघा चुकायच्या, शेजारी दुसऱ्या यायच्या. माझ्या हाताची भीती गेली. मास्तर माझे कागद सातवीच्या वर्गाला नेऊन दाखवायचे. आणि आता तीच मी कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले होते.

पोरं गेल्यावर मास्तर शेजारी येऊन बसले. “पोट दुखतंय का गं?”

“न्हाई.”

“मग?”

“मला न्हाई काढायचं स्मरणचित्र.”

“का बरं?”

“आमच्यात कुनी मेलं न्हाई.”

मास्तरांना काही उमगेना. मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. शाळेच्या पाण्याच्या टाकीवर संगमरवराचा दगड बसवला होता. ‘कै. यमुनाबाई फडतरे यांच्या स्मरणार्थ.’ जोडाक्षरं वाचायला मी त्या दगडावर शिकले होते. तोच शब्द देवळातल्या घंटेवर होता, पारावरच्या बाकावर होता. ज्यांची ज्यांची नावं होती ती सगळी माणसं गेलेली होती.

मास्तरांना हसू आलं आणि लगेच मावळलं. माझ्या घरचं त्यांना माहीत होतं.

“अगं, स्मरण म्हणजे नुसती आठवण. जिवंत माणसाचीही येते की.”

“मग दगडावर जित्या मानसाचं नाव का न्हाई?”

मास्तरांनी खिडकीबाहेरच्या त्या दगडाकडे बघितलं. मग हलक्या आवाजात विचारलं, “वडिलांची काही खबर?”

“मागं हायत,” मी म्हटलं. आई सगळ्यांना हेच सांगायची.

माझे वडील पलटणीत होते. चीनची लढाई झाली तेव्हा ते तिकडे वर, बर्फात होते. नंतर तार आली, त्यात ‘बेपत्ता’ असं लिहिलं होतं. पुढे उन्हाळ्यात चीननं धरलेले कैदी सुटून आले. आमच्या पलीकडच्या वाडीचा विठोजी त्यात होता. त्याच्या पायाची बोटं बर्फानं गेली होती. तो काठी टेकत आमच्या सोप्यात येऊन बसला, आईनं दिलेला चहा बशीत ओतला आणि तसाच धरून राहिला.

“आमी खिंडीतनं उतरत हुतो, वैनी. रंगराव माज्या मागं हुता. म्या वळून बगितलं तवा हुता. मंग धुकं आलं.”

“मागं हुते ना?”

“मागं हुता.”

“मागं हुते म्हंजे येत्यात,” आई म्हणाली आणि कपबशी उचलून आत गेली.

त्या दिवसापासून ती रोज कुंकू आधीपेक्षा ठसठशीत लावू लागली. बाया पाणवठ्यावर तिच्या कपाळाकडे बघायच्या आणि मग घागरीकडे बघायच्या.

आजोबांना आम्ही आबा म्हणायचो. आबांचं दुखणं वेगळं होतं. ते जेवताना घास हातात घेऊन थांबायचे. भाद्रपद लागला आणि एके दिवशी त्यांनी ते बोलून टाकलं.

“सूनबाई, यंदाच्या म्हाळाला रंगाचं नाव घ्यावं म्हंतो.”

पितृपंधरवड्यात आमच्याकडे म्हाळ घालायचे. गेलेल्या वाडवडिलांची नावं एकेक करून घ्यायची, पाणी सोडायचं, त्यांच्या नावानं पान वाढायचं. ज्याचं नाव त्यात आलं तो गेलेल्यांत जमा झाला.

आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. “न्हाई, मामंजी.”

“मला काय हौस हाय व्हय? पन पोरगा उपाशी फिरत असंल तर? बाकीच्यांची पानं वाडायची आन त्येनंच दारात उभं ऱ्हायाचं?”

“ते भुकेलं असतील तर घरी येऊन जेवतील. त्येंचं ताट रोज झाकून ठेवतीया मी.”

“कैदी समदे आले.”

“विठोजी भावजी सांगून गेलं, मागं हुते.”

“मागं, मागं! किती मागं?” आबांचा आवाज चिरकला. ते उठून अंगणात गेले आणि गोठ्याच्या खांबाला धरून उभे राहिले. आईनं भाकरी तव्यावर टाकली. ती करपली तरी तिनं उलटली नाही.

म्हाळाच्या आदल्या दिवशी आबांनी मला हाक मारली. मुलीच्या जातीशी ते फारसं बोलत नसत. त्या दिवशी मला त्यांनी घोंगड्यावर शेजारी बसवून घेतलं.

“अनशे, मास्तर म्हनत्यात तुजा हात लई चांगला चालतो.”

मी लाजले.

“मंग बाचं तोंड काडशील? फोटू हुता त्यो तुज्या आईनं चवकशीला धाडला, त्यो काय परत आला न्हाई. पाटावर ठेवायला काय तरी पायजे. नुसत्या नावाला पानी सोडायचं जिवावर येतं बग.”

आबांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं ते एवढंच. छाती भरून आली माझी. पण शाळेत जे मी नाकारलं होतं तेच घरी येऊन माझ्यापुढे बसलं होतं. मी काढलं की वडील पाटावर जाणार. नाही काढलं तर आबा परत कधी माझ्याशी बोलणार नाहीत.

आई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती मला ओढून आत नेईल. ती म्हणाली, “काडायचं असंल तर काड. माज्या भीतीनं ऱ्हाऊ नगंस, आन मामंजींच्या भीतीनं काडू नगंस.” आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच घरात वड्यांचा आणि खिरीचा वास सुटला. मी सोप्यात कागद घेऊन बसले. आबा समोर बसले आणि सांगू लागले.

“नाक माज्यावानी. सरळ. कपाळ रुंद. मिशी पिळदार.”

“पिळदार नव्हती,” आतून आईचा आवाज आला. “कातरलेली हुती.”

“तालमीत जायाचा तवा पिळदार हुती.”

“मी आले तवा कातरलेली हुती.”

“तू काल आलीस! मी त्येला जन्मल्यापासनं बगतोय.”

“डोळं बारीक हुतं. हसलं की दिसायचं न्हाईत,” आई म्हणाली. बोलायचं नाही असं ठरवलेलं असूनही ती उंबऱ्यापर्यंत आली होती, हाताला पीठ तसंच.

“बारीक कुठं? चांगलं मोठं डोळं हुतं.”

“ते तुमच्याम्होरं हसत न्हवते, मामंजी.”

दोघं सांगत होते आणि माझ्यापुढे दोन वेगळी माणसं उभी राहत होती. दोन्ही मला अनोळखी. माझा कोळसा हलेना. मग मास्तरांची आठवण झाली आणि मी डोळे मिटले. वडील कुठं आहेत ते शोधायचं सोडून मी कुठं आहे ते शोधलं.

मी उंचावर होते. पाय दोन्ही बाजूंनी खाली सोडलेले, घोटे कुणाच्या तरी हातांनी घट्ट धरलेले. सुट्टीवर आले की ते मला खांद्यावर घेऊन ओढ्यापर्यंत जायचे. मला त्यांचं तोंड आठवतच नव्हतं. मला त्यांचे कान आठवत होते, वरून दिसणारे, एक थोडा पुढे आलेला. बारीक कापलेले केस. टाळूच्या मागे ते केस भोवऱ्यासारखे फिरायचे, एकीकडून एक आणि दुसरीकडून दुसरा, आणि दोन्ही भोवरे जिथं एकमेकांना भेटायचे तिथं केसांची एक उभी रेघ ताठ राहायची. मी ती बोटानं दाबायची आणि ती परत उभी राहायची.

मी काढायला लागले. रेघ चुकली, शेजारी दुसरी काढली. कान, मान, खांद्यांचा उतार, माझे दोन गुडघे, आणि मधे ते डोकं.

आबांनी कागद उलटा करून बघितला, परत सुलटा केला.

“तोंड कुठाय?”

“दिसत न्हाई, आबा. मी खांद्यावर हाय.”

आबा रागावतील असं मला वाटलं. ते कागद डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले. त्यांचं बोट त्या दोन भोवऱ्यांवर गेलं आणि तिथंच फिरू लागलं, आधी एकावर, मग दुसऱ्यावर.

“ह्ये तुला कुनी सांगितलं?”

“कुनी न्हाई. दिसलं.”

“जावळ काडलं तवा मीच मांडीवर घेऊन बसलो हुतो,” आबा म्हणाले. “न्हावी म्हनला, पोराला दोन भोवरे हायती. दोन बायका करनार ह्यो.”

आई वाकून बघत होती. “मला ठावंच नव्हतं,” ती हळूच म्हणाली. “त्येंच्या डोक्यावर कायम टोपी न्हाईतर पटका. मी कधी वरनं बगितलंच न्हाई.” मग ती एकदम हसली. तार आल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. “म्हंजे मला सवत हाय म्हना कुठं तरी. त्या बर्फात.”

आबांनी मान वर केली.

“असंना का,” आई म्हणाली. तिचं हसू तसंच होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “असू दे सवत. दोन असू देत. घालतीया ना जेवायला? बास झालं.”

आत खीर उतू गेली, चूल फसफसली, तरी कुणी उठलं नाही. शेवटी आबांनी कागदाची हलक्या हातानं घडी घातली आणि तो माझ्या ओटीत ठेवला.

“ह्ये पाटावर ठेवायचं न्हाई. ज्याच्या खांद्यावर पोर बसलीया त्येला कसं पानी सोडू?” मग माझ्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, “हिला आठवतंय तवर रंगाचं नाव घ्यायचं न्हाई. दर म्हाळाला ही काडंल. काय, अनशे?”

मी मान हलवली. त्या मानेवर आबांनी काय ठेवलं ते मला तेव्हा कळलं नाही.

त्यानंतर दर भाद्रपदात मी चित्र काढू लागले. म्हाळाच्या सकाळी आई पदराला हात पुसत यायची, आबा घोंगड्यावर बसायचे. मी डोळे मिटायची आणि काढायची. दोघं बघायचे, आई एखादा श्वास सोडायची, आबा म्हणायचे, “हाय, हाय,” आणि उठून वाडवडिलांना पाणी सोडायला जायचे. वर्षभर आई त्या श्वासावर जगायची.

मी मोठी होत होते. तालुक्याच्या हायस्कुलात जाऊ लागले. तिथं चित्रकलेची खोली होती, रंग होते, ब्रश होते. दोन डोळ्यांच्या मधे एक डोळा मावतो, कानाची उंची नाकाएवढी धरायची, उजेड एका बाजूनं आला की दुसरी बाजू कशी काळवंडते, हे सगळं मी शिकले. सरकारी चित्रकलेच्या परीक्षांना बसले, वरच्या श्रेणीत आले. माझी रेघ आता चुकत नव्हती. शेजारी दुसरी काढायची गरजच पडत नव्हती.

आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. डोळे मिटले की मला वडील दिसेनासे झाले होते. मला दिसायचं ते माझं मागच्या वर्षीचं चित्र. त्यावरून मी या वर्षीचं काढायची आणि पुढच्या वर्षी या वर्षीच्यावरून. कान जरा लांबत गेले, भोवरे जरा सुबक होत गेले. आबांना आता कमी दिसायचं, ते बोटानं कागद चाचपून “हाय, हाय” म्हणायचे. आई बघून चुलीकडे वळायची.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचा निकाल लागला त्या वर्षी मी ठरवलं, आता हात तयार झालाय, तर तोंडच काढू. आईला नवऱ्याचं तोंड बघायला मिळेल. मी म्हाळाच्या आधी पाचसहा दिवस माडीवर बसून ते चित्र करत होते. जलरंगात केलं. अर्धवट वळलेली मान, रुंद कपाळ, सरळ नाक, कातरलेली मिशी, किंचित बारीक डोळे. एका गालावर उजेड. इतकं चांगलं काम मी आधी केलं नव्हतं आणि मला ते कळत होतं.

सकाळी मी ते सोप्यात आणून भिंतीला टेकवलं. शेजारची चुलती वडे तळायला आली होती, तिनं तोंडावर हात ठेवला. “अगं बया! आता बोलंल असं वाटतंय. मानूस बसवलंय पोरीनं.”

आबांनी मान पुढे केली. “काय दिसतंय? चांगलं हाय ना?”

“लई चांगलं, मामंजी,” चुलती म्हणाली.

आई चुलीपाशी होती. ती आली, चित्रासमोर खाली बसली आणि बघत राहिली. एरवी ती उभ्या उभ्या बघायची. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिथं काही उमटेल म्हणून वाट बघत होते.

“नाक कुनाचं?” तिनं विचारलं.

“आबांचं. आबा झोपले की बगून काडलं.”

“आन कपाळ?”

“माझं. आरशात बगून.”

“मिशी?”

“तू सांगितलीस तशी. अंदाजानं.”

“अंदाजानं,” ती म्हणाली. तिनं हात पुढे केला, रंगाला बोट लावलं नाही, थोडं अंतर ठेवून त्या गालावरून फिरवला. “आन ह्यात ह्येंचं काय हाय, अनशे?”

मी कितीतरी सांगू शकले असते. डोळे हसल्यावर बारीक होतात तसे काढलेत, असं सांगू शकले असते. तिच्याकडे बघून खोटं बोलवेना.

“वरनं दिसत न्हाई आता?”

मी मान हलवली.

“कवापासनं?”

“लई दिस झालं, आई.”

ती रागावली नाही. तिनं माझ्या केसांतून एकदा हात फिरवला, जमिनीला हात टेकून उठली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. चुलती वडा झाऱ्यात धरून उभी होती, तेल ठिबकत होतं.

“मामंजी,” आई म्हणाली. आवाज अगदी रोजचा होता, आंघोळीचं पाणी काढलंय असं सांगावं तसा. “यंदा नाव घ्या.”

आबांनी तिच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. मग ते भिंतीला धरून उठले आणि चुलती रडायला लागली.

आई आतल्या खोलीकडे निघाली. आरसा आणि कुंकवाचा करंडा तिथं होता. मी धावत जाऊन तिचा हात धरला. मला म्हणायचं होतं, थांब, मी परत काढते, परत डोळे मिटून बघते, दिसतील. तोंडातून नुसते हुंदके आले.

तिनं माझा हात सोडवला. एकेक बोट सोडवलं.

“येडी का काय,” ती म्हणाली. “रडतीस कशाला? चित्र लई चांगलं आलंय.”